वजन किती सांगितलंस

दिवाळे गावात, तांडेलांच्या माडीवरच्या खोलीत
माझी विमानवाहू नौका उभी असते
एका हलणाऱ्या टेबलावर.
खालून वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो,
आणि पडद्यावर, समुद्राच्या मधोमध,
नखाएवढी राखाडी पट्टी.
तिच्यावर उतरायचं.

एकवीस वेळा पडलो.
सहा वेळा मागच्या काठाला आपटलो,
एकदा थेट मनोऱ्यात घुसलो,
बाकी चौदा वेळा नुसताच भिजलो.

मग सेटिंग्ज उघडल्या.
जॉयस्टिक वाशीहून आणलेली, सेकंडहँड,
आधीच्या मालकाची मूठ अजून तिच्यात राहते,
सोडली की जराशी डावीकडे कलते.
डेड झोन चारावरून सातावर नेला,
म्हणजे माझा हात थरथरला
तरी विमानाला कळू नये.
फ्लॅप पूर्ण, चाकं खाली, हुक खाली.
नाक दाबायचं नाही, हे पाठ केलं:
उंची थ्रॉटलने, वेग नाकाने,
आपल्याला वाटतं त्याच्या नेमकं उलट.
इंधन मात्र भरलेलंच ठेवलं.
भरलेली टाकी ओतून देऊन
कोण घरी येतं?

सात तारखेला हिराजीकाका भाड्यासाठी वर आले.
बाविसावी बुडी त्यांच्यासमोरच झाली.
उभ्या उभ्या म्हणाले,
"वजन किती सांगितलंस?"
कुणाला?
"खालच्याला."

तेव्हा कळलं.
अकरा वर्षं नेव्हीत, डेकच्या खाली,
दोराच्या यंत्राशी.
फोनवर वजन यायचं,
त्या आकड्यावर ते चाक फिरवून ठेवायचे.
जास्त धरलं तर हुक उपटून येणार,
कमी धरलं तर दोर सुटतच जाणार, आणि पुढे पाणी.
मग डोक्यावर दाणकन्,
लोखंडी दट्ट्या खोलीभर धावत यायचा,
थांबायचा,
परत जायचा.
म्हणजे आला एक.

आणि विमान? उतरताना?
"नाय बघितलं कधी.
डुटी खाली होती."

खुर्ची दिली. बसले नाहीत.
इंधन पाव टाकीवर आणायला लावलं,
मग थांबून म्हणाले, "थोरं ठेव.
हुकलास तं परत उरायला."
नौकेला वीस नॉट दिले, वारा समोरून घेतला.
हिरव्या दिव्यांच्या ओळीत
पिवळा ठिपका चढला, घसरला, चढला,
खिडकीबाहेर पाम बीच रस्त्याचे दिवे
उगाच मध्ये मध्ये डोळ्यांत येत होते.
चाकं टेकली
आणि टेकताक्षणी मी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला,
कारण दोर सापडलाय की नाही
हे टेकणाऱ्याला माहीत नसतं.

तिसरा दोर.
विमान गर्जत जागच्या जागी उभं.

मी ओरडलो. काका जमिनीकडे बघत होते.
"आवाज नाय आला," म्हणाले.

म्हणून मी कॅमेरा बाहेर काढला,
डेकवरून सरकवला,
आणि त्यांची खोली दाखवायला पत्र्यातून आत घुसवला.
आत काही नव्हतं.
यंत्र नाही, शिडी नाही, फोन नाही.
कागदाइतक्या भिंती
आणि त्यांच्या आरपार निळं पाणी.
एवढी मोठी नौका
कुणी नुसतीच वरून रंगवलेली.

काका बराच वेळ बघत राहिले.
मग पडद्यावर बोट टेकवलं, डावीकडे, जरा खाली.
"हितं उभा असायचो मी."
बोटाचा ठसा काचेवर राहिला.
मी तो पुसलेला नाही,
उतरताना तेवढा समुद्र धुरकट दिसतो.

भाडं त्यांनी मोजून नेलं, दोनदा.

आता कामावरून आलो की
उड्डाणाआधी खिडकीतून खाली वाकतो
आणि आकडा सांगतो. पाच टन आठशे.
कधी उत्तर येतं, कधी नुसतं खोकणं.
परवा जाळं शिवता शिवता
मान वर न करता म्हणाले,
"जरा जास्त हाय रं."